डब्यातला डबा : आकडेवारीचा सांगाडा पाहावा कसा?

छापील आकड्याला आपल्या समाजात मोठा मान आहे. एखाद्या विधानाच्या शेवटी टक्केवारी आली की वाद मिटतो आणि ऐकणारा मान डोलावतो. तो आकडा कोणत्या समूहातून काढला, त्या समूहाच्या पोटात आणखी किती समूह होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र शिकणाऱ्या आपणा सर्वांना कधी ना कधी प्रकल्पासाठी आकडे हाताळावे लागतात. ते हाताळण्यापूर्वी त्यांचा सांगाडा कसा पाहावा, एवढेच या लेखात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

उदाहरण घराजवळचेच घेऊ. चारोटी हे डहाणू तालुक्यातील गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा नाका म्हणून आणि जवळच विवळवेढे येथे भरणाऱ्या महालक्ष्मीच्या यात्रेमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. २०११ साली जनगणना झाली तेव्हा चारोटी ठाणे जिल्ह्यात मोडत होते. त्या जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्या वेळी देशातील कोणत्याही जिल्ह्यापेक्षा ती अधिक होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याच्या पंधरा तालुक्यांपैकी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेगळे काढून पालघर जिल्हा निर्माण झाला. २०११ च्याच आकड्यांची या नव्या जिल्ह्याप्रमाणे फेरमांडणी केली, तर लोकसंख्या २९,९०,११६ भरते आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. चारोटीतील एकही माणूस हलला नाही, एकही घर बांधले गेले नाही की पडले नाही. मोजणीही तीच आहे. फक्त डबा बदलला, आणि '१४' चे '३७' झाले. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पालघर जिल्ह्याच्या त्या २९,९०,११६ लोकांपैकी १३,४३,४०२ लोक एकट्या वसई तालुक्यातील आहेत, म्हणजे शंभरातील जवळजवळ पंचेचाळीस. डहाणूचे ४,०२,०९५ आणि तलासरीचे १,५४,८१८. डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांत आदिवासी समाज बहुसंख्य आहे; वसई हा मुख्यतः शहरी तालुका. तेव्हा 'पालघर जिल्ह्याची सरासरी' म्हणून जो आकडा आपल्यापुढे येतो, त्यात वसईचा आवाज मोठा आणि तलासरीचा बारीक असतो. शाळा, दवाखाना, पाणी यांच्या योजना जर जिल्ह्याच्या सरासरीवर आखल्या, तर तलासरीच्या वाट्याला वसईचे चित्र येईल. डब्यातला डबा उघडून पाहण्याची गरज आहे ती यासाठी.

पाडा कोणत्या डब्यात?

आकडेवारी ही अशी एकात एक असते. देशात राज्य, राज्यात जिल्हा, जिल्ह्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात कुटुंब आणि कुटुंबात व्यक्ती. आपल्या भागात गाव आणि कुटुंब यांच्या मध्ये आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे पाडा. आपल्याकडे गाव म्हणजे एका जागी दाटीने वसलेली वस्ती नसते. चार-सहा पाडे डोंगरउतारावर, ओढ्याच्या कडेला विखुरलेले असतात आणि कागदोपत्री त्या सर्वांचे मिळून एक महसुली गाव होते. जनगणनेचे प्रसिद्ध होणारे तक्ते या महसुली गावापाशी थांबतात. पाड्यांच्या वेगळ्या ओळी त्यांत नसतात. म्हणून रस्त्यालगतच्या पाड्यात नळ आला आणि आतल्या पाड्यात आला नाही, तर हा फरक त्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. याउलट राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली, तिच्या पद्धतीत आधी गावे निवडतात, गाव मोठे असेल तर वाड्या-पाड्यांचे गट पाडतात, आणि मग घरे निवडतात. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयी १९७१ साली जे विवेचन प्रसिद्ध केले, त्याचा आधार याच पाहणीतील उपभोग-खर्चाचे आकडे हा होता.

सांगायचा मुद्दा असा की, आकडेवारीचा सांगाडा निसर्गाने दिलेला नसतो. तो कोणीतरी ठरविलेला असतो. म्हणून तो आधी पाहिला पाहिजे.

'आर' भाषा आणि तिचे डबे

आता संगणकाकडे वळू. संख्याशास्त्रासाठी जगभर वापरली जाणारी एक भाषा आहे, तिचे नाव 'आर'. तिची आई म्हणजे 'एस' ही भाषा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली तिचा आरंभ केला. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी तिच्या धर्तीवर 'आर' रचली. दोघांच्याही नावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच, त्यावरूनही हे नाव पडले. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. ही भाषा विनामूल्य मिळते, ही गोष्ट आपल्यासारख्या महाविद्यालयांच्या दृष्टीने लहान नाही. तिच्या आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे मी त्यांचे उच्चार लिहीत आहे.

'आर'मध्ये माहिती ठेवण्याचे तीन मुख्य प्रकार आधी समजून घेऊ. पहिला 'व्हेक्टर', म्हणजे एकाच जातीच्या नोंदींची ओळ. सर्व संख्या, किंवा सर्व अक्षरे. या ओळीचा एक कडक नियम आहे : पंक्तीत एक जरी अक्षरी नोंद बसली, तरी साऱ्या पंक्तीची जात अक्षरी होते. दुसरा प्रकार 'लिस्ट', म्हणजे यादी. हिला जातीचे बंधन नाही. तीत संख्या, अक्षरे, तक्ता, इतकेच काय पण दुसरी यादीही ठेवता येते. त्या यादीत तिसरी. तिसरा प्रकार 'डेटा फ्रेम', म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला तक्ता. गंमत अशी की हा तक्तासुद्धा आतून एक यादीच असतो. फक्त तिचा प्रत्येक रकाना सारख्याच उंचीचा असतो. म्हणून हजार ओळींच्या आणि पाच रकान्यांच्या तक्त्याची लांबी विचारली, तर 'आर' हजार न सांगता पाच सांगते. सांगाडा ज्याला ठाऊक नाही तो येथे चक्रावून जातो.

सांगाडा दाखविणारी आज्ञा

यादीत यादी, तीत तक्ता, असे एकदा झाले की वरून काहीच कळेनासे होते. नाव टंकून ती वस्तू पडद्यावर मागितली, तर शेकडो ओळी धो धो वाहून जातात. अशा वेळी उपयोगी पडते ती 'स्ट्र' ही आज्ञा. स्ट्रक्चर, म्हणजे रचना, या इंग्रजी शब्दातील पहिली तीन अक्षरे घेऊन हे नाव केले आहे. झुरिकच्या ई. टी. एच. या संस्थेतील मार्टिन मेख्लर यांनी १९९० पासून ती घडविली. ती वस्तूतील सारा माल बाहेर काढीत नाही. कोणता डबा कशात आहे, त्याचे नाव काय, आतल्या मालाची जात कोणती, नग किती, आणि पहिले काही नग कसे दिसतात, एवढेच ती सांगते.

समजा, आपण चारोटीच्या दोन पाड्यांची पाहणी करून माहिती एका यादीत ठेवली. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. या यादीवर 'स्ट्र' चालविली की उत्तर साधारण असे येते; मूळ इंग्रजी खुणांऐवजी मी मराठी शब्द घातले आहेत :

चारोटी : यादी, ३ भाग
$ नाव : अक्षरे "चारोटी"
$ तालुका : अक्षरे "डहाणू"
$ पाडे : यादी, २ भाग
.. $ पहिला पाडा : यादी, २ भाग
.. .. $ घरे : संख्या ३
.. .. $ माणसे : संख्या [१:३] ५ ७ ४
.. $ दुसरा पाडा : यादी, २ भाग
.. .. $ घरे : संख्या २
.. .. $ माणसे : अक्षरे [१:२] "६" "आठ"

हे वाचण्याची किल्ली सोपी आहे. ओळीच्या आरंभी जितक्या टिंबांच्या जोड्या, तितके आपण आत शिरलो. डॉलरच्या खुणेपुढे त्या भागाचे नाव. विसर्गासारख्या खुणेपुढे मालाची जात. चौकटी कंसात किती नग ते.

आता शेवटची ओळ पाहा. पहिल्या पाड्यातील माणसे 'संख्या' आहेत. दुसऱ्या पाड्यातील माणसे 'अक्षरे' झाली आहेत. कारण एका घराच्या नोंदीत आकड्याऐवजी 'आठ' असा शब्द लिहिला गेला, आणि त्या पंगतीतील '६' लाही अक्षरांची जात लागली. ही नोंद कागदावर वाचणाऱ्या माणसाला मुळीच अडत नाही. संगणकाला मात्र ती बेरजेला घेता येणार नाही. दोन पाड्यांत हे डोळ्यांनी दिसते. दोनशे पाड्यांत दिसणार नाही. 'स्ट्र' मात्र ते एका दृष्टिक्षेपात दाखविते.

वाटी हवी की मोहरी?

सांगाडा कळला की हवा तो भाग बाहेर काढायचा. येथे कंसांचा एक बारकावा आहे. स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. त्यात मोहरी, हळद, जिरे यांच्या लहान वाट्या असतात. 'आर'मध्ये एकेरी चौकटी कंस वापरला, तर मोहरीची वाटी हाती येते. दुहेरी चौकटी कंस वापरला, तर वाटीतील मोहरी. फोडणीला मोहरी हवी असते, वाटी टाकून चालत नाही. त्याचप्रमाणे बेरीज करायची तर आतल्या संख्या हव्यात; त्यांना धरून असलेली यादी दिली तर संगणक नकार देतो. नकार आला की 'स्ट्र' चालवून पाहावे. उत्तरात 'यादी' दिसली तर आपल्या हाती अजून वाटी आहे असे समजावे.

नकार येतो तेथे निदान सावध तरी होता येते. खरा धोका आहे तो संगणक गप्प बसतो तेथे. डॉलरच्या खुणेपुढे भागाचे नाव लिहून तो काढता येतो. 'घरे' ऐवजी आपण 'घर्रे' असे काही टंकले, तर त्या नावाचा भाग यादीत नाही म्हणून 'आर' तक्रार करीत नाही. ती निमूटपणे रिकामे हात पुढे करते. आणि त्या रिकाम्याची बेरीज मागितली, तर उत्तर येते शून्य. म्हणजे टंकण्यातल्या एका अक्षरापायी अख्ख्या पाड्यातील घरे शून्य ठरतील आणि अहवालात ती तशीच छापली जातील. आधी 'स्ट्र' चालवून भागांची नावे नजरेखाली घातली, तर हे टळते.

वरचे दर्शन आणि आतले दर्शन

काही वस्तू अशा असतात की त्यांचा चेहरा साधा आणि पोट मोठे. 'आर'सोबत 'कार्स' नावाचा एक लहान तक्ता सरावासाठी मिळतो. १९२० च्या दशकातील मोटारींचा वेग आणि ब्रेक दाबल्यावर थांबेपर्यंत कापलेले अंतर अशा पन्नास नोंदी त्यात आहेत. चारोटी नाक्यावरून रोज जाणारी वाहने पाहणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये. या दोहोंमधील सरळ रेषेचे नाते 'एल-एम' या आज्ञेने काढता येते. उत्तर पडद्यावर मागितले, तर आपण दिलेली आज्ञा आणि दोन आकडे एवढेच दिसतात : वेग ताशी एक मैलाने वाढला की अंतर सरासरीने सुमारे ३.९ फुटांनी वाढते. आणि रेषेचा आरंभ उणे १७.६ फुटांवर आहे.

पुष्कळ जण येथेच वही मिटतात. पण उणे १७.६ फूट याचा अर्थ काय? उभी असलेली मोटार थांबायला उणे अंतर घेते काय? अर्थातच नाही. याच उत्तरावर 'स्ट्र' चालविली, तर कळते की ते दोन आकड्यांचे उत्तर नसून बारा भागांची यादी आहे. तीत प्रत्येक मोटारीचे रेषेने वर्तविलेले अंतर आहे, आणि प्रत्यक्ष अंतर त्यापासून किती ढळले ते पन्नास फरकही आहेत. ते फरक पाहिले म्हणजे ही रेषा कोठे बसते आणि कोठे बसत नाही ते समजते. ही यादी खोल आहे, आणि पूर्ण सांगाडा मागितला तर नवखा माणूस गोंधळून जाईल. म्हणून 'मॅक्स-लेव्हल' ही मर्यादा घालून फक्त पहिला मजला पाहता येतो. आधी ओटी पाहावी, मग माजघर, हा आपला रिवाज येथेही बरा.

एक माणूस सात वेळा

आता पुन्हा जनगणनेकडे येऊ, कारण एकात एक असलेली माहिती नेहमी यादीच्या रूपाने येत नाही. पुष्कळदा ती सपाट तक्त्याच्या वेषात येते, आणि अशा वेळी ती अधिक फसवी असते. एका राज्याचा गावनिहाय प्राथमिक गोषवारा घेतला, तर त्यात गावांच्या ओळींबरोबर तालुक्यांच्या, जिल्ह्यांच्या आणि राज्याच्या ओळीही एकाच रकान्यात एकाखाली एक असतात. शिवाय तालुका, जिल्हा व राज्य यांच्या प्रत्येकी तीन ओळी : एकूण, ग्रामीण आणि नागरी. आता कोणी लोकसंख्येच्या रकान्याची सरळ बेरीज केली तर काय होईल? चारोटीतील एक माणूस गावाच्या ओळीत एकदा मोजला जाईल. डहाणू तालुक्याच्या 'एकूण' व 'ग्रामीण' ओळींत दोनदा. जिल्ह्याच्या ओळींत दोनदा. राज्याच्या ओळींत दोनदा. एकूण सात वेळा! संगणक हूं की चूं करणार नाही, कारण बेरीज बरोबरच असेल.

'स्ट्र' येथे काय मदत करते? ती प्रत्येक अक्षरी रकान्यातील पहिल्या चार नोंदी दाखविते. त्या तक्त्यात 'लेव्हल', म्हणजे पातळी, असा एक रकाना असतो. त्यापुढे 'राज्य, राज्य, राज्य, जिल्हा' असे दिसले की जाणत्या माणसाच्या लक्षात येते : या सपाट जमिनीखाली तळघरे आहेत. मग तो फक्त गावाच्या पातळीवरील ओळी निवडतो आणि पुढे जातो.

तीच गोष्ट सांकेतिक क्रमांकांची. जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७. हिमाचल प्रदेशाचा ०२. तक्ता वाचताना संगणकाने हा क्रमांक संख्या म्हणून घेतला, तर '०२' चा '२' होतो, आणि दुसऱ्या तक्त्यातील '०२' शी त्याची गाठ पडत नाही. गावाचा क्रमांक ही बेरीज-सरासरी करण्याची संख्या नव्हे. ते आकड्यांत लिहिलेले नाव आहे. 'स्ट्र'च्या उत्तरात त्यापुढे 'अक्षरे' दिसतात की 'संख्या', हे पाहणे म्हणून अगत्याचे. 'आर'च्या जुन्या आवृत्त्या तर अक्षरी रकाने वाचताना आपणहून त्यांना 'फॅक्टर' करून टाकीत, म्हणजे आत १, २, ३ असे क्रमांक आणि वर नावांच्या चिठ्ठ्या. २०२० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हे आपोआप होणे थांबले. पण जुने तक्ते हाती आले तर पारख आपल्यालाच करावी लागते. वारली, कोकणा, मल्हार कोळी या नावांच्या आत दडलेल्या १, २, ३ ची सरासरी काढून कोणत्याही समाजाविषयी काहीच कळत नाही.

थोडक्यात, आकडेवारी हाती आली की बेरीज-सरासरीकडे धाव घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ही वस्तू कशाची बनली आहे? तिच्या आत किती पातळ्या आहेत? प्रत्येक पातळीवर मालाची जात कोणती आणि नग किती? आणि मला हवे असलेले माणूस नेमके कोणत्या डब्यात बसले आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे 'स्ट्र' एका ओळीच्या आज्ञेत देते. चौथ्याचे उत्तर कोणतीही आज्ञा देऊ शकत नाही. ते आपला प्रदेश आणि आपली माणसे ओळखणाऱ्यालाच देता येते.

येथेच कला शाखेच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते. मोठ्या शहरातील एखाद्या कार्यालयात बसून जिल्ह्याची सरासरी काढणाऱ्याला पाडा म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. गावाच्या एका ओळीत किती पाडे मिटले गेले आहेत, कोणत्या पाड्याला पावसाळ्यात रस्ता नसतो, हे आपण जाणतो. संगणकाची ही लहानशी विद्या आपण शिकलो, तर जिल्ह्याच्या आकड्यातून तालुका, तालुक्यातून गाव आणि स्वतः केलेल्या पाहणीने गावातून पाडा वेगळा काढून दाखविणे आपल्याला शक्य आहे. पुढील वर्षी प्रकल्पासाठी जे कोणी वही घेऊन पाड्यांवर जातील, त्यांनी आपल्या तक्त्यात गावाशेजारी पाड्याचाही एक रकाना जरूर आखावा, एवढीच विनंती. जो डबा आपण आरंभीच ठेवला नाही, तो पुढे कोणत्याही आज्ञेने उघडता येत नाही.